भंगारातला साकव: व्हाळावर शेतापुरता पूल घालताना कुठे वाचवायचं आणि कुठे नाही

पावसाळा तोंडावर आला की पुलांच्या बातम्या सुरू होतात. १५ जून २०२५ रोजी पुण्याजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. आपल्या गोव्यात १८ मे २०१७ रोजी कुडचड्यात पोर्तुगीज काळातला पादचारी पूल असाच गेला. वापरासाठी बंद असलेल्या त्या पुलावर बघ्यांची गर्दी झाली होती.

अशी बातमी आली की सत्तरी, सांगे, काणकोणातल्या बागायतदारांना आपापला साकव, म्हणजे व्हाळावरचा छोटा पूल, आठवतो. घर व्हाळाच्या (ओढ्याच्या) एका काठाला आणि कुळागर, म्हणजे माडा-पोफळीची बाग, पलीकडे, ही आपल्याकडची नेहमीची मांडणी. उन्हाळ्यात पाण्यातून चालत जाता येतं. पण सुपारीवर कोळे रोग येऊ नये म्हणून बोर्डो मिश्रण फवारायचं ते पावसाच्या तोंडाला आणि पुन्हा भर पावसात, म्हणजे नेमका व्हाळ भरलेला असताना. एका घराच्या वाटेसाठी सरकारी पूल लवकर मिळत नाही आणि स्वतः काँक्रीटचा घालायचा तर खर्च लाखांत जातो. मग नजर भंगाराकडे वळते, आणि त्यात गैर काही नाही.

भंगार तुळयांना आणि फळ्यांना चालतं. पाण्याला वाट किती सोडायची आणि तुळया कशावर टेकवायच्या, या दोन गोष्टींत मात्र काटकसर केली तर पूल टिकत नाही. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. लोखंड जाडजूड आणतात आणि ते टेकवतात चार सैल दगडांवर.

आधी पाण्याचा हिशेब

पूल किती लांब हवा हे व्हाळाच्या आजच्या रुंदीवरून ठरवू नका. मे महिन्यात जो व्हाळ उडी मारून ओलांडता येतो तोच जुलैत बांध गिळतो. हिशेब पाणलोटापासून करायचा. पाणलोट म्हणजे ज्या डोंगर-उतारावरचं पाणी शेवटी आपल्या व्हाळात येतं तो सगळा भाग.

समजा हा भाग २० हेक्टर आहे. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. तासात १०० मिलिमीटर पाऊस पडला (हवामान खातं ज्याला ढगफुटी म्हणतं तो हाच वेग) तर २० हेक्टरवर दोन कोटी लिटर पाणी पडेल. भिजलेल्या उतारावरून त्यातलं साठ टक्के वाहून आलं असं धरलं तरी व्हाळात दर सेकंदाला सुमारे ३,३०० लिटर येतात. पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने धावत असेल तर त्याला पुलाखालून निघायला किमान पावणेदोन चौरस मीटर मोकळी जागा लागते. ही झाली स्वच्छ पाण्याची गरज. कुळागरातलं पाणी झावळ्या, पोफळीची विरी, फांद्या, कधी अख्खं केळीचं झाड घेऊन येतं. म्हणून निघालेल्या आकड्याची निदान दुप्पट जागा सोडावी.

कागदावरचा हिशेब जागेवर पडताळून बघता येतो. व्हाळाच्या काठच्या झाडांकडे नीट बघा. पुराचं पाणी उतरताना सुकं गवत, प्लास्टिक आणि काटक्यांची एक रांग फांद्यांना अडकवून जातं, आणि ती रांग उन्हाळ्यापर्यंत तशीच लटकलेली असते. शेजारच्या जाणत्या माणसांना विचारा, '२०२१ च्या जुलैत म्हादईला पूर आला तेव्हा इथे पाणी कुठवर होतं?' ते हात करून जागा दाखवतील. तुळईची खालची बाजू त्या खुणेच्या निदान अर्धा मीटर वर राहिली पाहिजे.

पाईप टाकून वर माती घातली तर स्वस्तात होणार नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. दोन फुटी सिमेंटचा पाईप आत्ता दिसणारं पाणी सहज नेतो, त्यामुळे तो पुरेसा वाटतो. पण त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ आहे जेमतेम ०.२८ चौरस मीटर. वरच्या उदाहरणातल्या व्हाळाला असे सहा पाईप लागतील, तेही एकाही झावळीने तोंड अडवलं नाही असं धरून. तोंड तुंबलं की मातीचा भराव धरण होतो, पाणी मागे चढतं, एका रात्री भरावावरून उतरतं आणि तो कापत जातं. नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. साठलेलं पाणी एकदम सुटतं आणि खालच्या शेजाऱ्याच्या बागेत घुसतं.

ज्या पाटात फक्त झऱ्याचं पाणी असतं तिथे पाईप ठीक आहे. डोंगरावरून येणाऱ्या व्हाळाला उघडा गाळाच हवा. गाळा म्हणजे दोन टेकूंमधलं मोकळं अंतर.

पणजी ते रायबंदरचा १६३३-३४ मधला लिन्यारिसचा सेतू पाहा. सुमारे तीन किलोमीटरची ती बांधीव वाट आपल्याच जांभ्या दगडाची आहे. भरती-ओहोटीचं पाणी आरपार जावं म्हणून तिच्यात जागोजागी कमानी सोडल्या आहेत. त्या काळच्या गवंड्यांनी आधी पाण्याला वाट दिली.

पूल जातो कुठून?

पूर ओसरल्यावर वाहून गेलेल्या साकवांच्या जागा बघितल्या तर पुष्कळदा तुळया धड असतात. गेलेल्या असतात त्या कडा. इंजिनिअर ज्याला अ‍ॅबटमेंट म्हणतात, म्हणजे तुळईचं टोक ज्या भिंतीवर टेकतं ती टेकणीची भिंत, तिच्या पायाखालची माती पाणी खरवडून नेतं. पाणी जिथे अडतं तिथे ते भोवरा घालतं, आणि भोवऱ्याचा जोर तळाशी सगळ्यात जास्त असतो. भिंत पुढे कलते आणि वरचा पूल तिच्याबरोबर खाली येतो. किंवा भिंत राहते आणि तिच्या पाठीमागचा भराव वाहून जातो. मग व्हाळाच्या मधोमध पूल उभा आणि दोन्हीकडे रस्ता नाही असं दृश्य दिसतं.

म्हणून भिंत पाण्यात पुढे आणू नका, काठाच्या आत मागे घ्या. त्यासाठी गाळा एक-दीड मीटर लांबला तरी चालेल. पाया कातळावर किंवा कठीण जांभ्यावर नेऊन टेकवा. पहार मारली की खणखणीत आवाज येऊन ती उसळली पाहिजे. रुतत असेल तर अजून खोल जावं लागेल. कातळ लागतच नसेल तर पायासमोर व्हाळाच्या तळात तारेच्या जाळीत भरलेल्या मोठ्या दगडांचा थर द्यायचा. ती जाळी लवचीक असते. खालची माती थोडी गेली तर ती खाली बसते आणि पुन्हा तळ झाकते. भिंतीच्या दोन्ही टोकांना काठात तिरके शिरणारे हात, म्हणजे छोट्या भिंती, बांधावेत, म्हणजे पाणी पाठीमागे घुसत नाही.

भिंतीला चिरे, म्हणजे जांभ्याचे कापीव दगड, चालतात. पाडलेल्या घराचे जुने चिरेही चालतात, पण पाण्यात राहणाऱ्या थरांना निवडून कठीण घ्या, भुसभुशीत पिवळट चिरा पाण्यात विरघळल्यासारखा झिजतो. बांधकाम सिमेंटमध्ये करा आणि भिंतीत पाणी निथळायला भोकं ठेवा. तुळईचं टोक थेट चिऱ्यावर ठेवू नका. एवढ्याशा जागेवर दीड-दोन टन भार येतो आणि चिरा चुरतो. वर एक-दीड फूट लांबरुंद आणि सहा इंच जाड काँक्रीटचा ठोकळा ओता, त्यावर तुळई ठेवा. टोकाभोवती माती येऊ देऊ नका. ओल्या मातीत गाडलेलं लोखंड वरून रंगवलेलं छान दिसतं आणि आतून पापुद्रे सुटत जातात.

सिमेंट, सळ्या, गवंड्याची मजुरी हे सगळं या भिंतींवर जाऊ द्या.

तुळई किती मोठी हवी?

शाळेतली फूटपट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवून मध्ये दाबली तर ती लगेच वाकते. तीच कडेवर उभी ठेवली तर वाकत नाही, पण बाजूला कलंडते. पुलाच्या तुळईचं सगळं शास्त्र या दोन वाक्यांत येतं. ताकद उंचीतून येते, म्हणून गर्डर, म्हणजे लोखंडी तुळई, इंग्रजी 'आय' अक्षरासारखा उभा असतो. तो कलंडू नये म्हणून दोन गर्डर टोकांना आणि मध्ये आडव्या अँगलने एकमेकांना बांधावे लागतात. घरगुती पुलांत हे आडवे बंध नेहमी विसरले जातात.

दुसरी गोष्ट लांबीची. तीच तुळई आणि तेच वजन ठेवून गाळा दुप्पट केला तर तुळईतला ताण दुप्पट होतो, पण ती आठपट वाकते. तेव्हा पाच मीटरला चाललेलं दहा मीटरला 'थोडं जास्त जाड' घेऊन भागत नाही.

एक धरून चालण्याजोगं उदाहरण देतो. गाळा ५ मीटर, पॉवर टिलर ट्रॉलीसकट किंवा छोटा ट्रॅक्टर जाईल, म्हणून ३ टनांचा हिशेब. २५० मिलिमीटर उंचीचे दोन गर्डर घेतले तर तीन टन बरोबर मध्यावर आले तरी ते सुमारे ४ मिलिमीटर वाकतील, आणि धक्क्याचा भार धरूनही नव्या लोखंडाला चालतो त्याच्या निम्म्याहून कमी ताण त्यांच्यावर येईल. उरलेली निम्मी ताकद गंज, जुनी भोकं आणि आपल्या अंदाजातल्या चुकांसाठी राखून ठेवायची. २०० मिलिमीटरचे गर्डर नवे असते तर चालले असते. भंगारातले असतील तर मी घेणार नाही.

कुंडमळा आणि कुडचडे विसरू नका. पादचारी पुलासाठी आपल्या देशातली मानकं चौरस मीटरला ४०० किलो आणि गर्दीच्या जागी ५०० किलो धरायला सांगतात. पाच मीटर लांब, अडीच मीटर रुंद पूल माणसांनी खच्चून भरला तर पाच ते सहा टन होतात. जत्रेचा किंवा गणेश विसर्जनाचा रस्ता तुमच्या साकवावरून जात असेल तर ट्रॅक्टरपेक्षा त्या दिवसाचा हिशेब आधी करा.

भंगारवाल्याकडे काय बघायचं?

२०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा सत्तरी-डिचोलीपासून सांगे-केप्यापर्यंत टिपर ट्रक आवारात उभे राहून गंजले. खनिज धुण्याचे प्लांट थांबले. त्यामुळे गर्डर, चॅनल, चेकर्ड प्लेट, कन्व्हेयरचे रबरी पट्टे हे सगळं आपल्या भागातल्या भंगारात मिळतं, आणि वजनावर मिळतं. २५० चा गर्डर मीटरला सुमारे ३७ किलो असतो. सहा मीटरचे दोन म्हणजे साधारण साडेचारशे किलो. हा आकडा डोक्यात ठेवून गेलात तर खर्च जागेवरच कळतो.

जाताना हातोडी, तारेचा ब्रश आणि व्हर्नियर कॅलिपर न्या. आधी गर्डर लांबीच्या रेषेत एका डोळ्याने बघा, वाक किंवा पीळ लगेच दिसतो. पीळ असेल तर सोडून द्या. मग हातोडी मारत जा. चांगलं लोखंड वाजतं, पापुद्रे धरलेलं भदभदतं. जिथे आवाज बदलतो तिथे ब्रशने चमक येईपर्यंत घासा आणि जाडी मोजा. २५० च्या गर्डरचे आडवे पट्टे मुळात १२.५ मिलिमीटर आणि उभा पत्रा ६.९ मिलिमीटर जाड असतो. खालचा पट्टा मध्यभागी ११ च्या खाली आला असेल तर त्या किमतीत दुसरा शोधा. उभ्या पत्र्याची जाडी टोकांजवळ मोजायची, कारण तिथे त्याच्यावर सगळ्यात जास्त भार येतो. मधल्या भागात खालच्या पट्ट्याला गॅसने पाडलेलं भोक असेल तर गर्डर घेऊ नका. आणि फळ्या बसवायला आपणही तिथे भोक पाडू नका, वरून क्लॅम्प लावा.

'रूळ मिळाले तर सोनंच', असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. मीटरला बावन्न किलो भरणारा रूळ गर्डरपेक्षा मीटरमागे पंधरा किलो जड, तरी २५० चा गर्डर त्याच्या दुपटीहून जास्त कडक असतो, कारण रूळ जेमतेम सहा इंच उंच आहे. रुळाचं पोलाद कडक असल्याने साधं वेल्डिंग मारलं तर जोडाजवळ तडा जाऊ शकतो. शिवाय लिलावाची पावती नसलेला रूळ घरात ठेवणं १९६६ च्या रेल्वे मालमत्ता कायद्याखाली गुन्हा आहे.

ट्रकची चासी चांगली वस्तू आहे. तिच्यात आडवे बंध आधीच असतात. अडचण रुंदीची आहे. दोन लांब पट्ट्यांमध्ये मीटरभरही अंतर नसतं, म्हणजे ट्रॉलीची चाकं चासीच्या बाहेर पडतात. एक चासी माणसांना आणि हातगाडीला पुरते, वाहनाला दोन शेजारी शेजारी लागतात. गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागून घ्या. कंटेनरचं मात्र नाव काढू नका. त्याची ताकद चार कोपऱ्यांत आणि सबंध पेटीत असते, भिंती कापल्या की उरलेला तळ पुलाच्या कामाचा राहत नाही.

माडाच्या खोडावरून आजोबा चालत होतेच ना?

चालत होते, आणि दर एक-दोन वर्षांनी खोड बदलत होते. माडाचं खोड बाहेरून कठीण आणि आतून मऊ असतं. पावसात ते आतून कुजतं आणि वरून कळत नाही. पोफळीची चिरलेली खोडं पायवाटेला आजही उत्तम आहेत, फक्त त्यांवर ट्रॉली नेऊ नका.

फळ्यांसाठी पाडलेल्या घरांच्या तुळया आणि वासे मिळाले तर सोडू नका. जुनं सागवान, किंदळ, माट्टी हे लाकूड आज विकत घेणं परवडणार नाही. वाळवी आणि कूज बघायला कोयत्याचं टोक सांध्याजवळ आणि खिळ्यांभोवती टोचा. फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवा, पाणी निथळतं आणि पुरात दाबही कमी होतो. आषाढात फळीवर शेवाळ धरतं आणि पाय घसरतो, त्यासाठी कन्व्हेयरचा पट्टा चाकांच्या दोन रेषांपुरताच ठोका. सगळं झाकलं तर खाली ओल राहून लाकूड जातं. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर व्हाळावर घालू नका. त्यांना पाजलेलं डांबरी तेल विषारी असतं, आणि खालच्या वाडीत तेच पाणी वापरतात.

पुराने उचलून नेला तर?

सेकंदाला ३ मीटर धावणारं पाणी पाच मीटर लांब पुलाच्या अंगावर आलं तर बाजूने सुमारे एक टनाचा ढकला बसतो. वेग निम्मा असेल तर ढकला चौथा हिस्सा होतो. लाकडी फळ्यांचं वजन अशा वेळी कामाला येत नाही, कारण लाकूड तरंगायला बघतं. म्हणून टेकणीच्या ठोकळ्यावर खालच्या अंगाला काँक्रीटचा उंच दात ओता, म्हणजे गर्डर घसरणार नाही, आणि टोकं बोल्टने जखडा. शिवाय वरच्या अंगाच्या मोठ्या दगडाला किंवा झाडाला साखळी बांधा, निसटलाच तर पूल काठाला लागून राहील. कठड्याचे पाईप खोबणीत बसवा आणि मोठ्या पुराचा इशारा आला की काढून ठेवा. कचरा सगळ्यात जास्त कठड्यात अडकतो.

तयार झाल्यावर खात्री कशी करायची?

हजार लिटरच्या तीन टाक्या पुलाच्या मध्यावर ठेवा आणि पंपाने व्हाळाचंच पाणी भरा. भरलेली प्रत्येक टाकी एक टन. त्याआधी दोन्ही भिंतींत खिळे मारून गर्डरच्या बाजूला एक दोरी ताणून बांधा आणि मध्यावर गर्डरवर खडूने खूण करा. एकेक टाकी भरताना खूण किती खाली गेली ते मोजा. ५ मीटरच्या आपल्या उदाहरणात ती ४ मिलिमीटरच्या आसपास जायला हवी. १५ च्या पुढे जात असेल तर थांबा. टाक्या रात्रभर भरून ठेवा, सकाळी नळ सोडून रिकाम्या करा. खूण मूळ जागी परत आली नाही तर कुठेतरी काहीतरी बसलंय, बहुधा टेकणीत. या सगळ्या वेळात पुलाखाली कोणी जायचं नाही.

मग इंजिनिअर कशाला? आणि परवानगी?

गाळा सहा मीटरच्या पुढे असेल, वाट गावाची असेल, शाळेची मुलं जात असतील किंवा व्हाळ खाऱ्या पाण्याला मिळत असेल, तर इंजिनिअरशिवाय हात घालू नका. खाजनाच्या (खाडीकाठच्या खारट शेतजमिनीच्या) जवळ लोखंड किती वेगाने जातं हे किनारपट्टीवर राहणाऱ्याला सांगायला नको, आणि तिथे किनारी नियमनाचे निर्बंधही लागतात. लहान पुलालाही एकदा जागा बघून, गर्डर आणि पाया ठीक आहे असं सांगणारा जाणकार मिळाला तर त्याची फी द्या.

व्हाळ दोन्ही काठांनी तुमच्या जमिनीतून गेला तरी तो तुमचा नसतो. १९६८ च्या गोवा जमीन महसूल संहितेप्रमाणे नदी-नाले सरकारचे आहेत. त्यामुळे जलस्रोत खात्याचा ना-हरकत दाखला आणि पंचायतीला पत्र, दोन्ही लागतात. जागा म्हादई, नेत्रावळी किंवा खोतीगाव अभयारण्याच्या हद्दीत असेल तर वन खात्याकडेही जावं लागतं. अर्जासोबत पाण्याचा वरचा हिशेब आणि पुराच्या खुणेचे फोटो जोडा. खात्याच्या माणसाला पहिली काळजी पाणी अडेल का याचीच असते.

पाया खणायला व्हाळ आटलेला हवा आणि काँक्रीटला पहिल्या सरीआधी निदान महिनाभर मिळायला हवा, म्हणजे खणकाम फेब्रुवारी-मार्चच्या पुढे ढकलता येत नाही. कागद हलायला लागणारा वेळ धरला तर अर्ज दिवाळीच्या सुमारास खात्यात पोचलेला असावा, आणि पुराची रांग फांद्यांवर ताजी दिसते तीही तेव्हाच.